हिच्या दातांची निगा

३ मार्च, मंगळवार

हृदयाचा शल्यविशारद दातांविषयी बोलेल, ही अपेक्षा आम्हां दोघांनाही नव्हती. हिच्या हृदयातील एक झडप अरुंद झाली आहे. मागच्या आठवड्यात न्हाणीघरात भोवळ येऊन ही पडली आणि उजवे मनगट मोडून घेतले, तेही त्या झडपेपायीच. नवी झडप बसवावी लागणार, हे मनाशी स्वीकारूनच आम्ही गेलो होतो. डॉक्टरांनी कागद बाजूला सारले आणि हिला म्हणाले, "आजी, जरा आ करा बघू." हिने आ केला. त्यांच्या कपाळावर आठी उमटली.

किडलेल्या दातांतून आणि सुजलेल्या हिरड्यांतून जंतू रक्तात उतरतात व नव्या झडपेवर जाऊन ठाण मांडतात, असे त्यांनी समजावले. तसे झाले तर जिवावरच बेतते. म्हणून तोंड निरोगी असल्याचा निर्वाळा दंतवैद्याने दिल्याखेरीज शस्त्रक्रिया होणार नाही. आणि फार लांबवूनही चालणार नाही, कारण आहे ती झडप किती दिवस साथ देईल याची खात्री ते देत नाहीत. एप्रिलच्या मध्याची तारीख मिळाली आहे.

परतताना रिक्षात ही म्हणाली, "लोकांचा जीव मुठीत असतो, माझा दाढेत निघाला." मी हसलो नाही. खरे म्हणजे मला हसू येत होते, पण त्याखाली काहीतरी थंडगार सरपटत होते.

५ मार्च, गुरुवार

दंतवैद्य बाई आमच्या लेकीहूनही लहान आहे. बोलणे मात्र स्पष्ट. एक दाढ वाचणार नाही, चार दातांत भरण करावे लागेल. वयाने हिरड्या मागे सरून दातांची मुळे उघडी पडली आहेत, आणि हृदयाच्या गोळ्यांनी तोंड कोरडे पडते. लाळ एरवी दात धुऊन काढत असते, तीच आटली की किडीला रान मोकळे.

"सगळं दुरुस्त करून देईन मी," ती म्हणाली, "पण निगा घरीच राखायला हवी. सकाळी आणि रात्री. रात्रीचं तर चुकवायचंच नाही. झोपेत लाळ आणखी कमी होते. आजी, डाव्या हातानं जमेल?"

हिने डाव्या हाताने ब्रश धरून दाखवला. तो आधी नाकाला लागला, मग हनुवटीला.

"घरी आणखी कोण आहे?"

"लेक आहे, पण ती गावाच्या दुसऱ्या टोकाला. रविवारी येते," मी म्हणालो.

मग त्या दंतवैद्य मुलीने माझ्याकडे पाहिले. हिनेही पाहिले. माझ्या मागे कोणी उभे आहे की काय, म्हणून मी वळून पाहिले.

ग्रंथ वाचण्यात आणि चार श्रोत्यांना त्यांचा अर्थ सांगण्यात माझे आयुष्य गेले. दुसऱ्या कोणाच्या मुखात हात घालण्याचा प्रसंग कधी आला नाही. लेक तान्ही होती तेव्हाही नाही. परंतु ती मुलगी शिकवू लागली आणि मी शिकू लागलो. समोर उभे राहायचे नाही, खुर्चीच्या मागे राहायचे. हिचे मस्तक आपल्या छातीवर टेकवून घ्यायचे, डाव्या हाताच्या बोटाने ओठ हलकेच दूर करायचा, आणि मऊ ब्रश दात व हिरडी यांच्या सीमेवर तिरपा धरून लहान लहान वर्तुळे काढायची.

मी जोर लावला तशी ती म्हणाली, "आजोबा, घासायचं नाही हो. गोंजारायचं."

ही माझ्या छातीवर टेकलेली होती, त्यामुळे हिचा चेहरा मला दिसत नव्हता. खांदे मात्र हलत होते. हसत असावी.

६ मार्च, शुक्रवार

पहिला प्रयोग फसला. ब्रश गालात शिरला. फेस हिच्या पदरावर सांडला आणि माझ्या बाहीतून कोपरापर्यंत ओघळला.

"अहो, दात आहेत, देवाची भांडी नव्हेत. एवढं काय उजळवताय?"

"तोंड बंद ठेव."

"बंद ठेवलं तर घासणार काय?"



८ मार्च, रविवार

दोन दिवस एका प्रश्नाने मला छळले. दंतवैद्याची आज्ञा अशी की ब्रश झाल्यावर फेस थुंकून टाकायचा, मात्र चूळ भरायची नाही. पेस्टचा पातळ थर दातांवर राहू द्यायचा, तोच रात्रभर राखण करतो. मला हे ऐकवेना. मी लहानपणापासून प्रत्येक जेवणानंतर चूळ भरत आलो. भरल्या तोंडाने ईश्वराचे नाव घ्यायचे कसे? ज्या मुखाला जाणत्यांनी देहनगरीचे महाद्वार म्हटले, ते राड्यासहित मिटून झोपी जायचे?

म्हणून दोन्ही रात्री मी हिला चांगल्या खळखळून चुळा भरायला लावल्या. आज लेक आली होती, तिने ऐकले आणि कपाळावर हात मारला. "बाबा, औषध लावायचं आणि लगेच पुसून टाकायचं, असं कधी करता का?"

दुपारभर विचार केला. शेवटी मार्ग सुचला तो इतका साधा की आधी का सुचला नाही, याचे नवल वाटते. रात्रीची प्रार्थना आधी उरकायची, दात नंतर घासायचे. नामही शुद्ध मुखाने घेतले जाते आणि थरही टिकतो. एखादा अवघड श्लोक लागावा तसा आनंद झाला. हिला सांगितले तर म्हणाली, "देवाला विचारलंत का? त्याची वेळ बदललीत ती?"

आता रात्रीचा क्रम नीट बसला आहे. प्रार्थना, मग ब्रश, मग गोळी. हिच्या घशाखाली गोळी उतरत नाही, म्हणून गेल्या वर्षापासून मी ती लहान खलात बारीक करून मधाच्या अनुपानातून देतो. चमचा हिच्या ओठांशी धरतो. ही थोडे थोडे चाटते आणि डाव्या गालात बराच वेळ घोळवत राहते. मी शेजारी बसून असतो. विशेष काही बोलणे होत नाही. दिवसातली सर्वांत शांत घटका ती.

१४ मार्च, शनिवार

दाढ काढली. भरणेही पूर्ण झाली. ही धीराची. डोळ्यांच्या कडेने पाणी ओघळले, तरी हूं की चूं केले नाही. दंतवैद्याच्या मदतनीसाने मलाच स्टुलावर बसवून पाणी दिले, ते हिने पाहिले. वाटेत गालाला बर्फ लावून, बोबड्या बोलांत, "दाढ कुणाची निघाली?" असे विचारले.

दुपारच्या वाचनात देहाच्या नश्वरतेचा प्रसंग होता. मी बोलत होतो, श्रोते माना डोलावत होते, आणि माझे मन हिच्या वरच्या ओळीतल्या एका भरणापाशी घुटमळत होते. तिथे हिरडी अजून लाल आहे. निवृत्त पोस्टमास्तरांनी एक शंका विचारली. मी उत्तर दिले ते त्या शंकेचे नव्हते, पण त्यांचे समाधान झाले.

२१ मार्च, शनिवार

आज तपासणी. उजवी बाजू पाहून ती मुलगी प्रसन्न झाली. "आजोबा, हात बसला की तुमचा! रक्त नाही, सूज नाही." मी संकोचलो. एवढी थेट स्तुती मला फार दिवसांत मिळाली नव्हती.

मग तिने डावीकडे आरसा फिरवला आणि बोलायची थांबली. मुळाशी खडूसारखा पांढरा दिसणारा एक डाग मागच्या वेळी होता. तो आता मऊ झाला आहे. नव्या भरणाच्या कडेलाही तसेच काही धरू लागले आहे.

"रात्री ब्रश झाल्यावर काही खाता का?"

"छे!" आम्ही दोघे एका सुरात म्हणालो.

"बिस्किट? पेपरमिंट? गोड दूध, सरबत?"

"मुळीच नाही," मी म्हणालो. "ब्रशनंतर हिच्या तोंडात अन्नाचा कण जात नाही. मी स्वतः समोर असतो."

ही पदराचे टोक चाळत होती.

"मग हे होतंय कशानं?" ती मुलगी स्वतःशीच म्हणाली. डाग कोरून तिने पुन्हा भरण केले. हे असेच चालू राहिले तर ती निर्वाळा देऊ शकणार नाही, आणि शस्त्रक्रिया पुढे जाईल. किती पुढे, हे तिने सांगितले नाही. जिना उतरताना ही दर वळणावर थांबून दम घेत होती.

संध्याकाळी मी विचारले. आवाज चढवला नाही, पण विचारले, "माझ्या नकळत तू काही खातेस का?"

ही खिडकीबाहेर पाहत राहिली. मग म्हणाली, "खाते कधीमधी. साखर. चिमूटभर. तुम्हाला झोप लागली की."

मला फार लागले. आम्हां दोघांत लपवाछपवी कधी नव्हती. साखरेचा डबा मी सर्वांत वरच्या फळीवर, जुन्या कढयांच्या मागे ठेवला. ही म्हणाली, "बरं केलंत." एवढेच. भांडली असती तर बरे वाटले असते.

२६ मार्च, गुरुवार

साखरेच्या त्या डब्याचे झाकण इतके घट्ट आहे की ते उघडायला मला दोन्ही हात लावावे लागतात. हिचा एक हात प्लास्टरमध्ये. एका हाताने हिने ते कसे उघडले असेल, याचा मी बराच विचार केला. वासनेचे बळ मोठे असते, असेच म्हणावे लागेल.

हिच्यावरचा राग टिकत नाही. आज रात्री मध जरा अधिकच घातला. औषध कडू आहे बिचारीचे.

२९ मार्च, रविवार

काय लिहावे.

लेक आज रात्रीच्या जेवणापर्यंत थांबली होती. आमची प्रार्थना झाली, मी हिचे दात घासले. लेक दाराशी टेकून पाहत होती. "काय सुरेख घासता हो बाबा! माझे कधी घासले नाहीत." मी फुशारून गेलो, खल पुढे घेतला, गोळी बारीक केली, मधाची बरणी उघडली.

"हे काय करताय?"

"औषध."

"मध आहे तो."

"मध नव्हे. अनुपान आहे. औषधाला वाहून नेणारे द्रव्य. प्राचीन वैद्यांनी—"

"बाबा! दाताला काय कळतंय अनुपान! त्याला गोड तेवढं कळतं. नुकते घासलेले दात, कोरडं तोंड, आणि त्यावर तुम्ही रात्रभरासाठी मध लावून देताय. कोणत्या बाजूला धरतेस गं आई तू?"

हिचा हात नकळत डाव्या गालाकडे गेला.

चमचा माझ्या हातात तसाच राहिला. मला विचारले होते तेव्हा मी खोटे बोललो नव्हतो. अन्न नाही म्हणालो, आणि औषधाला अन्न कोण म्हणतो? पण जंतूंना माझ्या शब्दांच्या छटा कशा ठाऊक असणार? हिच्या जिवावर उठलेली कीड मी रोज या हातांनी भरवत होतो, आणि भरवताना मला समाधान वाटत होते.

लेकीने तिथूनच हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला. ही गोळी अख्खी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची असते, असे ते म्हणाले.

"पण हिच्या घशाखाली गोळी—" मी म्हणू लागलो.

"आई, मागच्या महिन्यात हात मोडला तेव्हा इस्पितळात पाच-पाच गोळ्या घोटभर पाण्यात घेत होतीस की! मी समोर होते."

"तू गप गं. घरी जा, नवरा वाट बघत असेल."

"आणि ती साखर? साखर खाते म्हणालीस ती?"

"त्यांनी विचारलं. काहीतरी सांगायला नको?"

लेकीने हिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे, मग खलाकडे. "बाबा, तुम्ही एवढं वाचलंत..." ती म्हणाली, आणि वाक्य तसेच टाकून चपला घालू लागली. जाताना हिच्या गालाचा मुका घेतला. माझ्याही डोक्यावरून हात फिरवला, जणू मीच तिचे लेकरू.

३० मार्च, सोमवार

प्रार्थना, गोळी पाण्याबरोबर, मग ब्रश. ब्रशनंतर काहीही नाही. तहान लागली तर नुसते पाणी. गोड जे काही असेल ते जेवणाबरोबरच, मधल्या वेळेत नाही.

गोळी एका घोटात उतरली. घसा मोकळा झालेला दिसतो. ईश्वराची कृपा.

गोळी होऊन ब्रशही झाल्यावर माझे काम संपले, म्हणून मी उठलो. ही म्हणाली, "लगेच कुठे निघालात? बसा की."

"आता द्यायचे काही राहिले नाही."

"म्हणून काय झालं?"

बसलो. काय करावे ते सुचेना, म्हणून वाचायला ग्रंथ घेतला. ही म्हणाली, "मनातल्या मनात वाचा. मला अर्थ नको, तुम्ही बसा नुसते." हा नेम आता रोजचा व्हावा असे दिसते.

साखरेचा डबा खाली आणून ठेवला.

८ एप्रिल, बुधवार

प्लास्टर निघाले. मनगट बारीक आणि फिके दिसते, पण हाड उत्तम जुळले आहे, असे अस्थितज्ज्ञ म्हणाले. घरी येऊन मी ब्रश हिच्या उजव्या हातात दिला. हिने तो दोनदा हलवला आणि माझ्याकडे परत केला. "छे, जोर नाही हो अजून."

"घासायचे नाही, गोंजारायचे. जोर कशाला लागतो?"

"गोंजारायलाच जास्त लागतो."

वैद्यकीयदृष्ट्या हे बरोबर असावे. दुपारी मात्र मी वाचनाला बसलो असता ही स्वयंपाकघरातली गंजलेली खिडकी उघडत होती. जिची कडी माझ्याने दोन महिने हलली नव्हती, ती हिने त्याच हाताने एका झटक्यात काढली. अस्थींचा स्वभाव विचित्र असतो.

११ एप्रिल, शनिवार

निर्वाळा मिळाला.

ती मुलगी फार वेळ पाहत होती. आरसा डावीकडे गेला तेव्हा मी डोळे मिटून नामस्मरण करत होतो. मग तिचा आवाज आला. "थांबलंय. भरणाच्या कडा घट्ट आहेत, नवीन डाग नाही, हिरड्या गुलाबी. आजी, शस्त्रक्रियेला माझी हरकत नाही."

मी डोळे पुसले. दिव्याचा प्रकाश फार प्रखर असतो तिथे.

नंतर तिने हिला बजावले की झडप बसली म्हणजे झाले, असे नाही. पुढेही जन्मभर हेच. दोन वेळा ब्रश, दातांच्या फटींत बारीक ब्रश, मधल्या वेळी गोड बंद, आणि ठरावीक महिन्यांनी इथे येऊन दाखवायचे. "आणि आता हात मोकळा झालाय, तेव्हा तुम्हीच घासत जा."

"दुखतो हो अजून," ही म्हणाली.

मुलीने मनगट हाती घेऊन वळवून पाहिले, हिच्या तोंडाकडे पाहिले, आणि मला म्हणाली, "आजोबा, तुमची सुटका दिसत नाही." दोघी हसल्या. मला विनोद कळला नाही, पण हसणे ऐकून बरे वाटले. हिच्या तोंडात आता एक दाढ कमी आहे, तरीही हिचे हसणे पूर्वीसारखेच भरगच्च आहे.

१४ एप्रिल, मंगळवार

इस्पितळातील खोली. भिंती फिक्या हिरव्या, पलंगाला चाके, खिडकीतून दुसऱ्या इमारतीची भिंत. उद्या सकाळी हिला आत नेतील.

भीती वाटते. इतरांना मी जे सांगत आलो ते सर्व आठवून पाहिले. खरे आहे ते, अक्षर न् अक्षर खरे आहे. पण या खोलीत ते माझ्याशी बोलत नाही.

प्रार्थना केली. मग पलंगाची पाठ उंच करून, मागे उभा राहून, हिचे मस्तक छातीवर घेतले. आज हळू घासले. प्रत्येक दात मला आता ओळखीचा आहे. खालचा पुढचा किंचित तिरपा, वरच्या सुळ्याचा टवका उडालेला, डावीकडे दाढेची रिकामी जागा.

मध्येच ही म्हणाली, "अहो, मला काही झालं तर—"

"बोलू नकोस. तोंडात ब्रश आहे."

ही थांबली. मी वर्तुळे काढत राहिलो. काम केव्हाच झाले होते, तरी काढत राहिलो.

ब्रश बाहेर घेतल्यावर हिने ते वाक्य पुन्हा सुरू केले नाही. मीही विचारले नाही. हिचे केस माझ्या शर्टाच्या गुंडीत अडकले होते, ते सोडवायला बराच वेळ लागला. हिने अजिबात घाई केली नाही.

१७ एप्रिल, शुक्रवार

काल आणि परवा लिहिणे झाले नाही.

झडप बसली. नव्या झडपेचा आवाज स्वच्छ ऐकू येतो, असे शल्यविशारद म्हणाले. तो नियमित आहे. घशातली नळी आज सकाळी काढली. हिला पाहण्यासाठी मला आत सोडले, अंगावर हिरवा झगा घालून, हात दोनदा धुवायला लावून.

ही इतकी लहान दिसत होती. ओठ कोरडे, फुटलेले. डोळे मिटलेले. परिचारिका काडीच्या टोकावरचा ओला स्पंज घेऊन आली. "आजी, तोंड पुसून घेऊया हं."

हिने ओठ घट्ट मिटले.

परिचारिकेने पुन्हा समजावले. हिने मान हलवली, एवढीशी. मग डोळे उघडले आणि ते सावकाश फिरत माझ्यापाशी येऊन थांबले.

"मी करू का?" मी विचारले. परिचारिका चटकन बाजूला झाली. हिच्या उशामागे उभे राहता येत नव्हते, तिथे यंत्रे होती. म्हणून एका बाजूने वाकलो, ओठ बोटाने हलकेच दूर केला, आणि स्पंज हिरडीच्या कडेने फिरवला. उजवीकडे, डावीकडे, वर, खाली, भरणांवरून, दाढेच्या रिकाम्या जागेवरून. ही तोंड उघडे धरून होती, विश्वासाने, जशी रोज धरते.

झाले. मी स्पंज बाजूला ठेवला. हिचे ओठ हलले. आवाज फुटत नव्हता, म्हणून मी कान अगदी जवळ नेला.

"मागचं राहिलं," ही म्हणाली.

राहिलेले नव्हते. एक कोपराही मी सोडला नव्हता, हे मला निश्चित ठाऊक होते. हिलाही ठाऊक होते. आम्ही एकमेकांकडे पाहिले, आणि मग मी परिचारिकेकडून दुसरा स्पंज मागून घेतला.